तुमच्या नावापुढचा आकडा

माधवराव, शेठजींनी मला तुमच्या नावापुढे एक आकडा लिहून मागितला आहे.

तुमच्या शोकसभेच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. नागपूरला तुमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये मी मागच्या बाकावर बसलो होतो. तुम्ही कुठे शिकलात, काय काय मिळवलंत, हे लोकांनी नीट सांगितलं. त्यातलं बरंचसं मला ठाऊकच नव्हतं. मला आठवत होते ते रुईच्या तंतूंनी पांढरे झालेले तुमचे कान, आणि ते झटकायला सांगितलं की "राहू द्या, थंडीचे दिवस आहेत" म्हणणारे तुम्ही. हे त्या सभेत कसं सांगायचं? संध्याकाळच्या पॅसेंजरने वर्ध्याला परतलो.

सकाळी सरकी काढायच्या कारखान्यात पाय ठेवतो तोच शेठजींनी वर बोलावलं.

"दिवाणजी, मास्तर गेले, बहोत बुरा हुआ. आदमी सोना होता. पण आता कॉलेजवाले विचारणार, दुसरा माणूस पाठवू का. आणि मला त्यांची ती प्रयोगाची खोली सरकीच्या पोत्यांना पाहिजे. चार हंगाम आपण खोली दिली, रेचा दिला, फिटर दिला. त्यानं कारखान्याचं काम किती वाढलं? एक आकडा द्या. मोठा असला तर बोलवा नवा मास्तर. नाही तर कॉलेजला आपला नमस्कार."

"केव्हापर्यंत देऊ?"

"रेचे सुरू होतील त्या दिवशी."

मला राग आला नाही. प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, आणि माझ्या जागी तुम्ही असतात तर "चांगला प्रश्न आहे" म्हणून पेन्सिल काढली असतीत. अडचण एवढीच, की तो आकडा चार वर्षं आपण दोघं शोधत होतो, आणि त्यावरून आपला वाद मिटला नव्हता.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी तुम्ही मला आवडला नव्हता. कॉलेजची माणसं मी आधी पाहिली होती. येतात, ऑफिसात पंख्याखाली बसतात, चहा घेतात, देशाचे कारखाने कसे सुधारावेत ते सांगतात आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठतात. तुम्ही चहा नको म्हणालात. रेचेघराच्या दारात उभं राहून मला विचारलंत, "दुपारनंतर काम ढिलं पडतं, असं शेठजी म्हणतात. तुम्ही काय म्हणता?"

"पडतं."

"हे बघून म्हणता, की वजन करून?"

"मी बघून काहीच म्हणत नाही," मी जरा घुश्शातच म्हणालो.

"मग आपलं जमेल," तुम्ही म्हणालात.

तुमचं म्हणणं साधं होतं. रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, चामड्याचे रोळ फिरतात. ते कापूस ओढतात, रुई पलीकडे जाते आणि सरकी खाली गळते. रोळांवर खाचा असतात. त्या झिजल्या की रोळ गुळगुळीत होतो आणि कापूस नुसता वरच घुटमळतो. खाचा ताज्या केव्हा करायच्या, किती खोल कापायच्या, हे आमच्याकडे फिटरच्या मर्जीवर चालायचं. त्याची मर्जी तर त्याच्या कंबरदुखीवर. तुम्ही म्हणालात, हे मोजून ठरवलं तर त्याच रेच्यातून, तेवढ्याच वेळात जास्त रुई निघेल. शेठजींनी तुम्हाला चौथा रेचा दिला. पाचवा शेजारी जुन्या पद्धतीने चालणार, म्हणजे तुलना करता येईल.

चौथ्या रेच्यावर कापूस घालायला सुभद्राबाई होती. तिला मी बरीच वर्षं ओळखत होतो, म्हणजे हजेरीपुरता. तुम्ही पहिल्याच दुपारी तिच्या शेजारी जमिनीवर बसलात. भोंगा झाला, बायकांनी आपापली फडकी सोडली. तुमचा डबा गाडीतच राहिला होता.

"काऊन जी मास्तर, जेवत नाई का?"

"डबा गेला पुढे. बडनेऱ्याला पोचला असेल आतापर्यंत."

बाया हसल्या. सुभद्राबाईने भाकरी पुढे केली आणि मग हात थोडा मागे घेतला. "तुमाले आमच्या हातचं चालते?"

"ठेचा किती तिखट आहे त्यावर आहे," तुम्ही म्हणालात आणि घेतलीत.

ठेचा फारच तिखट होता. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तुम्ही दुसरा तुकडा मोडत होता. त्या दिवसापासून तुम्ही नागपूरहून डबा आणणंच सोडून दिलंत.

पुढे चौथ्या रेच्याने जी उचल घेतली, ती पाहून फिटरसुद्धा चूप झाला. पाचवा रेचा त्याच्या पासंगालाही पुरेना. तुम्ही खूश होता. शेठजी इतके खूश झाले, की सगळ्याच रेच्यांचे रोळ तुमच्या पद्धतीने करायचं ठरलं आणि कॉलेजला ती खोली कायमची देण्याची बोलणी सुरू झाली.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. मी सगळ्या रेच्यांची बेरीज करून पाहिली. चौथा वर गेला होता, पण रेचेघराची एकूण रुई होती तेवढीच होती. म्हणजे चौथा जितका चढला तितके बाकीचे उतरले होते. मी तुमच्या खोलीत आलो आणि म्हणालो, "माधवराव, ही वाढ नाही. ही वाटणी आहे."

तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. दोनदा बेरीज केलीत. मग चष्मा टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "चला, विचारू."

सुभद्राबाईला आपण काय विचारतो आहोत तेच आधी कळेना. मग कळलं तेव्हा ती आपल्या दोघांकडे वेड्यांकडे पाहावं तशी पाहायला लागली.

"मंग? मास्तरच्या रेच्याले काडीकचऱ्याचा कापूस घालू का जी? चांगला चांगला निवडून घालतो आमी. किडकी कवडी अन् वाळली पत्ती राह्यते, ते तिकडच्या रेच्याले जाते."

"पण का?" तुम्ही विचारलंत.

"काऊन म्हनजे? पाहुन्याच्या ताटात खरकटं वाढते का कोनी?"

पाचव्या रेच्यावरची बाई मागून ओरडली, "आमी बी काई म्हनत नाई जी! मास्तर तिच्याकडं जेवते, म्हनून चांगला कापूस तिचा. आमच्याकडं जेवाले आले तर आमचा."

तुम्ही इतके हसलात, की जवळच्या पोत्यावर बसून राहिलात. मी हसलो नाही. मला शेठजी दिसत होते. वर जिन्याच्या टोकाशी ते उभे होते, आणि त्यांना वाटत होतं की खाली काहीतरी शुभ चाललं आहे.

तुम्ही तसेच उठून वर गेलात. तुमच्या मागून मीही गेलो. तुम्ही शेठजींना सरळ सांगितलंत, की आकडे खोटे नाहीत, पण त्यांचा अर्थ खोटा निघाला. खाचांचा गुण किती आणि निवडीचा किती, हे मला आज सांगता येत नाही. रोळ बदलू नका.

शेठजींनी समोरची वही मिटली. "मास्तर, अहो, बाजारात आपला माल कोणी स्वतःच हलका सांगतं का?"

"मी माल विकायला आलेलो नाही."

"मग कशाला आलात?"

तुम्ही नमस्कार करून निघालात. जिना उतरताना मला म्हणालात, "दिवाणजी, हा प्रश्न मला कॉलेजातही विचारतात."

खोली त्या वर्षी गेलीच असती. पण "एवढं खरं बोलणारा माणूस बुडवणार नाही" असं शेठजींच्या मनाने घेतलं आणि आणखी एक हंगाम मिळाला.

त्या हंगामात तुम्ही केलेली चूक मला पहिलीपेक्षा मोठी वाटली. डबा घेऊन येऊ लागलात आणि खोलीत एकटे जेवू लागलात. प्रयोग शुद्ध राहावा म्हणून. शास्त्राला धरून होतं ते. मी स्वतः तुम्हाला तसा सल्ला दिला होता. पण तो हंगाम कोणता होता, हे आपण दोघं विसरलो. आदल्याच दसऱ्याला सुभद्राबाई, तिचं घर, तिची सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात फडकं होतं.

"मास्तर, एक इचारू का? मागच्या साली चालत होती आमची भाकर. औंदा काय झालं तिले?"

तुम्ही घाईघाईने प्रयोगाचं सांगायला लागलात. तिने ऐकून घेतलं.

"ते राहू द्या जी. मले समजत नाई असं नाई. पन आमी आता कोनाच्या दारातून मांगून आनत नाई. हे आमच्या घरचं हाये. जेवाचं नाई तं नाई म्हना, दार कायले लावता?"

ती गेली. तुम्ही समोरचा डबा झाकून ठेवलात. एवढे उतरलेले तुम्ही मला कधी दिसला नव्हता. मी म्हणालो, "आता? जेवलात तर प्रयोग जातो, न जेवलात तर माणसं जातात."

तुम्ही म्हणालात, "एका ठिकाणी जेवलो म्हणून गडबड झाली. सगळीकडे जेवलो तर?"

मला ती थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाळी लावलीत. आज चौथ्या रेच्यावर, उद्या पाचव्यावर, असं शेवटपर्यंत जाऊन परत पहिल्यापासून. कोणाकडे झुणका, कोणाकडे अंबाडीची भाजी, एकीकडे नुसता कांदा. कोणालाही कमी नाही, जास्त नाही. पहिलं आमंत्रण तुम्ही सुभद्राबाईकडे स्वतःहून मागायला गेलात. ती म्हणाली, "मंग एवढा डबा कोनासाठी आनला?" आणि तुमचा डबा बायकांत वाटून टाकला. मला मात्र वाटलं ते एवढंच, की इतक्या वर्षांत समतोल प्रयोगाची इतकी चांगली मांडणी मी पाहिली नव्हती.

घरी मात्र त्याचे परिणाम मला भोगावे लागत. शनिवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचात आणि पहिल्या पोळीलाच थांबायचात. आमची मंडळी एकदा म्हणाली, "भाऊजी, कारखान्यात पोट भरून यायचं आणि इथे ताट नुसतं उष्टावायचं, हा कुठला न्याय? आमच्या स्वयंपाकाचा प्रयोग केव्हा करणार?" तुम्ही पुढच्या वेळी पाच पोळ्या खाल्ल्यात आणि रात्रभर आमच्या ओसरीवर येरझाऱ्या घातल्यात. ती अजून तुमच्यासाठी कणीक जास्त भिजवते. परवाही भिजवली आणि मग परात तशीच पुढ्यात ठेवून बसली.

पाळीच्या जेवणाचा परिणाम असा झाला, की सगळ्याच रेच्यांवर तुम्ही पाहुणे झालात, म्हणून सगळ्याच बायका कापूस निवडून घालायला लागल्या. कवडी दुसऱ्याच्या वाट्याला टाकायची सोय राहिली नाही, कारण दुसराही पाहुण्याचाच. मग प्रत्येकीने शेजारी एक टोपली ठेवली आणि कवडी तीत टाकायला सुरुवात केली. टोपलीतला माल वेगळा, शेवटी, सावकाश काढायचा. त्या हंगामात रेचेघराची एकूण रुई खरोखर वाढली. रोळही कमी झिजले. गाठी साफ निघाल्या. आणि तुमच्या खाचांचा चौथा रेचा बाकीच्यांपेक्षा पुढे राहिला, पण थोडासाच.

इथून आपला वाद सुरू झाला, तो तुमच्या शेवटच्या पत्रापर्यंत चालला.

मी म्हणायचो, चौथ्या आणि पाचव्या रेच्यातला फरक तेवढा तुमचा. तो लहान आहे, पण खरा आहे. तेवढाच कॉलेजच्या नावावर लिहावा. बाकीची वाढ बायकांच्या निवडीची आहे. तुम्ही म्हणायचात, "मग बायकांच्या नावावर लिहा." मी म्हणायचो, ते तरी कसं लिहू? त्या आधीही होत्याच, हातही तेच होते. तुम्ही आलात तेव्हा निवडायला लागल्या. "मग माझ्या नावावर लिहा." पण तुम्ही तर फक्त जेवलात! कॉलेजने कारखान्याला जेवणारा माणूस पुरवला, हे मी शेठजींना कोणत्या तोंडाने सांगू? यावर तुम्ही हसायचात, आणि मी चिडायचो, कारण मला खरंच उत्तर हवं होतं. ज्याचं माप घेता येत नाही ते नाहीच, असं मी कधी म्हटलं नाही. पण माप न घेता ते आहे असं म्हणणाऱ्यांनी कारखाने बुडवलेले मी पाहिले आहेत.

गेल्या उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर, रिकाम्या रेचेघरात बसून तुम्ही मला एक सूत्र दिलंत. "सोपं आहे, दिवाणजी. ज्या हंगामात मी येणार नाही, त्या हंगामात मोजा. जितकं कमी भरेल, तितकं माझं."

मी म्हणालो, "मग एक वर्ष येऊ नका."

"बघू," तुम्ही म्हणालात.

आपण असं बोललो होतो. त्यात काही वावगं नव्हतं, आणि मला त्याचा पश्चात्ताप करायचा नाही. पण शेठजींनी आकडा मागितला तेव्हा मला पहिल्यांदा ते सूत्रच आठवलं, आणि हेही लक्षात आलं की पद्धत म्हणून ते अगदी बरोबर आहे. खोली बंद ठेवायची, कोणालाही बोलवायचं नाही, हंगाम संपू द्यायचा आणि वजन करायचं. याहून प्रामाणिक आकडा मिळणार नाही. फक्त तो हाती येईपर्यंत खोलीत सरकी भरलेली असणार, आणि भरलेली खोली कारखान्यात पुन्हा रिकामी होत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. आठवडाभर मी यावर विचार केला.

काल दसरा झाला. यंत्रांची पूजा काल केली. रेचे मात्र आज सुरू झाले. सुभद्राबाई आणि तिच्या वस्तीच्या बायका दसऱ्याला नागपूरला जातात, त्यामुळे आता काही वर्षं आमचा खरा मुहूर्त दुसऱ्या दिवशीच असतो. शेठजी आधी कुरकुरले होते, पण कापूस घालायला हात नसले तर मुहूर्ताचं काय करायचं?

सकाळी अल्लीपूरहून पहिली गाडी आली. कापूस उतरला. पहिल्या वेचणीचा, तरी पत्ती होतीच. पट्टे चढवण्याआधी मी रेचेघरातून एक फेरी मारली. चौथ्या रेच्याशी सुभद्राबाई बसली होती आणि तिच्या शेजारी टोपली होती. पाचव्याशी टोपली होती. मी शेवटपर्यंत चालत गेलो. सगळीकडे होत्या. रेचे अजून सुरूही झाले नव्हते आणि टोपल्यांच्या तळाशी कवडी पडायला लागली होती.

मी परत चौथ्यापाशी आलो. "सुभद्राबाई, मास्तर गेले, कळलं ना?"

"कळलं जी. काल नागपूरात इचारून आली मी त्याईच्या घरी. मालकीनबाईले भेटली."

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "औंदा जेवायला कोणी येणार नाही. नवा माणूस येईल की नाही, तेही नक्की नाही. मग हे कशासाठी?"

"कायले म्हनजे?" तिने हातातली कवडी टोपलीत टाकली. "मास्तर नाई म्हनून काय कचरा घालाचा?"

भोंगा झाला. पट्टे फिरायला लागले, त्या आवाजात पुढचं काही बोलता आलं नाही.

माधवराव, मी तिथे उभ्या उभ्या हिशेब केला. तुमच्या सूत्राने, तुम्ही नसताना जितकं कमी भरेल तितकं तुमचं. पण कमी काहीच भरणार नाही. टोपल्या जागेवर आहेत, खाचा मोजून कापायला फिटर शिकला आहे, बेरीज करायला मी आहे. म्हणजे तुमचा आकडा येतो शून्य. तुमचं काम जितकं चांगलं, तितका तुमचा आकडा लहान. ज्याने काहीच शिकवलं नाही आणि स्वतःच सगळं केलं, त्याचा मोठा. असं सूत्र चूक असलं पाहिजे. चार वर्षं तुमच्याशी भांडताना हे मला सुचलं नव्हतं, आणि सुचलं तेव्हा सांगायला तुम्ही नाही.

वर जाऊन मी शेठजींना सगळं सांगितलं. पहिला आकडा दिला, खाचांचा, लहान आहे तेवढा लहान. मग म्हणालो, "दुसरा आकडा मला देता येत नाही. तो काढायचा तर बायकांना टोपल्या उचलायला सांगाव्या लागतील. आपण सांगाल?"

शेठजी खिडकीपाशी गेले. खाली रेचेघर दिसतं तिथून.

"कशाला सांगू?" ते म्हणाले. "पागल आहे का मी?"

"मग जे काढून टाकायला आपण तयार नाही, ते जिथून आलं, त्या जागेत सरकी भरू नये असं माझं मत आहे."

"हे आकड्याचं झालं का, दिवाणजी?"

"आकड्याचंच आहे," मी म्हणालो. "फक्त लिहिता येत नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं याचं मलाच नवल वाटलं. तुम्ही ते ऐकलं असतंत तर मला आठ दिवस छळलं असतंत.

शेठजींनी कॉलेजला होकार कळवायला सांगितलं आहे. पोती दुसरीकडे जातील. दुपारी मी खोली उघडली, तुमच्या तराजूवरची धूळ पुसली, काटा मध्यावर आणून ठेवला. नवा माणूस कोण येईल, कसा असेल, मला माहीत नाही. त्याने पहिल्या दिवशी नागपूरहून डबा आणला, तर तो कोणी खायचा, ते सुभद्राबाई ठरवेल. बाकी सगळं मी त्याला समजावून सांगेन: खाचांची खोली, रोळ कापायच्या वेळा, जेवायच्या पाळ्या. आणि तुमचं सूत्रही सांगेन, चूक आहे हे न सांगता. त्याला ते स्वतः शोधू दे. निदान आणखी चार वर्षं कोणीतरी माझ्याशी भांडेल.